पिकाची सरासरी आणि तिची पारख

एकरीं उतारा किती पडला, असें कोणास विचारलें असतां उत्तर एका आंकड्यांत मिळतें. तो आंकडा किती भरवंशाचा आहे, हें मात्र त्याच्या पोटांत लिहिलेलें नसतें. हल्लीं पीकविम्याची भरपाई, नव्या वाणाची निवड व खताचा खर्च हीं तिन्ही अशाच आंकड्यांवर ठरूं लागलीं आहेत. म्हणून संख्याशास्त्राचीं पहिलीं दोन-तीन पाउलें शेतकरी बंधूंनीं स्वतः टाकावीं, या हेतूनें आम्ही हा पाठ लिहीत आहों. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमूळ इतकें येत असलें म्हणजे पुरे.

पूर्वीं पिकाचा अंदाज आणेवारीनें होत असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्या मानानें यंदाचें पीक किती आणे, हें डोळ्यांनीं पाहून ठरवावयाचें. महसुली दप्तरांत असे तक्ते आमच्या हाताखालून पुष्कळ गेले. पाहणारे दोघेही प्रामाणिक असले तरी एकच शेत एकास दहा आणे व दुसऱ्यास बारा आणे दिसूं शकतें, आणि त्यांत खरें कोण हें ठरविण्यास साधन नसे. तें साधन देणाऱ्यांत जे अग्रगण्य, ते आपल्याच जिल्ह्याचे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं खटाव तालुक्यांतील बुध या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गेले व तेथें संख्याशास्त्राची डॉक्टरेट मिळवून १९४० पासून दिल्लीस कृषि-संशोधन परिषदेंत काम करूं लागले. शेतें कोणाच्या पसंतीनें नव्हे, तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावीं. निवडलेल्या शेतांतील तुकडाही तसाच नेमावा. व त्यांतील पीक कापून, मळून, तोलून पाहावें, ही रीत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशांत रूढ केली. डॉ. पानसे यांच्यासह त्यांनीं लिहिलेला शेतकी कार्यकर्त्यांसाठींचा संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला.

सुखात्मे यांचा एक शोध तर प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर एकरी उतारा खऱ्याहून अधिक येतो, असें त्यांनीं १९४६ च्या सुमारास दाखविलें. कारण साधें आहे. कडेवरचें ताट आंत धरावयाचें कीं बाहेर, असा प्रश्न आला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. आणि तुकडा लहान असला म्हणजे आंतल्या पिकाच्या मानानें कड फार मोठी. कलकत्त्याचे प्रो. महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते, त्यामुळें या दोन विद्वानांत वाद चांगलाच रंगला. आपणांस त्यांतून घ्यावयाचें तें हें, कीं चूक दोन प्रकारची असते. एक इकडेतिकडे हेलकावणारी. ती तुकड्यांची संख्या वाढविली असतां कमी होते. दुसरी एकाच बाजूस ओढणारी. ती हजार तुकडे कापले तरी तशीच राहते.

आज पीक कापणी प्रयोगांत बहुतेक पिकांना दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद, म्हणजे सुमारें अर्ध्या गुंठ्याचा तुकडा घेतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून नेमून आलेल्या आंकड्याइतकीं पावलें मोजून खुंटी ठोकावयाची. २०१६ च्या खरिपापासून चालू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत याच प्रयोगांस महत्त्व आहे. मंडळाची प्रत्यक्ष सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या जितक्या हिश्शानें खालीं जाईल, विमा रकमेचा तितका हिस्सा भरपाई, असें तिचें मूळ सूत्र. समजा, उंबरठा एकरीं ८ क्विंटल व सरासरी ६. म्हणजे २ भागिले ८, शेंकडा २५ मिळाले. आतां मालकानें अभिमानानें म्हटलें, "रावसाहेब, इकडचें पीक पाहा, तिकडे काय कापतां?" आणि खुंटी चांगल्या जागीं सरकली. दहाबारा शेतांत असेंच होऊन सरासरी साडेसहा झाली, तर भरपाई शेंकडा १८.७५ वर येते. त्या मालकाची हौस सर्व मंडळास भोंवली. खुंटी वाईट जागीं सरकविणें हेंही तितकेंच खोटें. त्यानें पुढील वर्षांचा उंबरठाच खालीं येतो.

आतां घरच्या प्रयोगाकडे वळूं. जतकडील एका शेतकऱ्यास शाळूचें नवें बियाणें पारखावयाचें आहे. (आंकडे समजुतीसाठीं कल्पिले आहेत.) त्यानें सहा ठिकाणीं एकेक गुंठ्याचे दोन-दोन शेजारी वाफे पाडले व कोणत्यांत नवें पेरावयाचें हें प्रत्येक वेळीं नाणें उडवून ठरविलें. उतारा किलोंत असा पडला:

जुनें: २४, ३०, २१, २७, ३३, २७. सरासरी २७.
नवें: २७, ३१, २५, २८, ३७, २६. सरासरी २९.

बियाणें विकणारा येथेंच थांबेल व एकरीं ८० किलो वाढ म्हणून फलक लावील. आपण जोडीजोडीचा फरक काढावा: ३, १, ४, १, ४ व उणे १. सरासरी फरक २. प्रत्येक फरक या सरासरीपासून किती दूर, तें मांडावें: १, उणे १, २, उणे १, २, उणे ३. यांच्या वर्गांची बेरीज २०. जोड्या सहा, त्यांतून एक वजा करून ५ नें भागलें कीं ४; वर्गमूळ २. हें जोड्यांमधील चढउताराचें माप; यास प्रमाण विचलन म्हणतात. परंतु आपणांस पाहावयाचा आहे तो सरासरीचा भरवंसा. म्हणून २ ला सहाच्या वर्गमूळानें भागावें. उत्तर सुमारें ०.८२. ही प्रमाण त्रुटि.

थोड्या नमुन्यांसाठीं ही त्रुटि कितीपट धरावी, याचें गणित गॉसेट नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९०८ सालीं 'स्टूडंट' या टोपणनांवानें छापलें. तो डब्लिनच्या एका मद्याच्या कारखान्यांत नोकरीस होता. सातूची पारख हें त्याच्या धन्याचें काम. सहा जोड्यांस कोष्टकांतील आंकडा २.५७. त्यास ०.८२ नें गुणिलें कीं २.१. म्हणजे खरा फरक उणे ०.१ पासून ४.१ पर्यंत कोठेंही असूं शकेल. शून्य त्या मर्यादेंत आलें. नवें बियाणें वाईट, असा याचा अर्थ नव्हे. पुरावा अजून अपुरा, इतकाच. अशाच चढउताराच्या बारा जोड्या असत्या तर मर्यादा सव्वा किलोच्या आसपास येऊन दोन किलोंचा फरक मान्य करावा लागला असता.

शेजारी वाफ्यांचें महत्त्वही येथेंच दिसतें. हेच बारा वाफे जोड्या न लावतां शेतभर विखरून हेच आंकडे आले असते, तर त्रुटि २.५, म्हणजे तिप्पट झाली असती. कारण वरकस व कसदार जमिनींतला फरकही तींत शिरला असता. आणि सगळें नवें विहिरीजवळ व सगळें जुनें माळाकडे पेरल्यास कोणतेंही गणित उपयोगी पडत नाहीं.

दोन सरासऱ्यांऐवजीं एका गोष्टीच्या वाढीबरोबर दुसरी किती वाढते, हें पाहावयाचें असेल तर सरळ रेषा बसवावी. यास समाश्रयण म्हणतात. समजा, परतीचा पाऊस पांच वर्षें ६०, ९०, १२०, १५०, १८० मिलिमीटर, व शाळू एकरीं ४, ६, ६, ९, १० क्विंटल. सरासऱ्या १२० व ७. प्रत्येक वर्षाचीं सरासरीपासूनचीं दोन्ही अंतरें परस्परांस गुणून बेरीज ४५०. पावसाच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ९०००. भागाकार ०.०५, म्हणजे वीस मिलिमीटरांमागें एक क्विंटल. हा आंकडा हाताशीं असला म्हणजे परतीच्या पावसावरून कडबा व धान्य यांचा आगाऊ अंदाज बांधतां येतो.

रेषेची मर्यादा मात्र ती ज्या आंकड्यांतून निघाली तेवढीच. हीच रेषा ४०० मिलिमीटरांपर्यंत ओढली तर एकरीं २१ क्विंटल शाळू सांगेल. प्रत्यक्षांत तेवढ्या पाण्यानें काळ्या रानांत मुळेंच कुजतील. तसेंच एका सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक व माणांत पांचशेंच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हां सबंध जिल्ह्याच्या सरासरी पावसावर बसविलेली रेषा दहिवडीच्या शेतकऱ्यास लागू पडत नाहीं. त्यानें आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आंकडे दर सालीं वहींत उतरून आपली रेषा आपणच काढावी.