परदेशात प्रतिनिधी कार्यालय : विक्री नाही, फक्त चौकशी

आपल्या कारखानदार आणि निर्यातदार बांधवांचा परदेशी गिऱ्हाइकाशी संबंध बहुधा दलालामार्फत येतो. माल मालेगावचा किंवा भिवंडीचा, पण तिकडे तो कोणत्या दुकानात जातो, कोणत्या भावाने विकला जातो आणि परत का येतो, याची खबर मालकाला दलाल सांगेल तेवढीच. म्हणून थोडे भांडवल जमले की "तिकडे आपलेच एक ऑफिस टाकू" असा विचार घरात सुरू होतो. विचार वाईट नाही. मात्र ऑफिस कोणत्या प्रकारचे, हे आधी ठरवले पाहिजे.

परदेशात पाय ठेवण्याचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला, तिथल्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र कंपनी काढणे. दुसरा, इथल्या कंपनीची शाखा उघडणे. तिसरा, प्रतिनिधी कार्यालय. या तिसऱ्या प्रकारात व्यापार करायचा नसतो. बाजार पाहणे, भाव काढणे, गिऱ्हाइकांच्या गाठी घेणे, मूळ पेढीची ओळख करून देणे आणि इकडे कळवणे, एवढेच त्याचे काम. हा प्रकार अनेक देशांत आहे, पण नियम प्रत्येकाचे वेगळे. आज आपण सिंगापूरचे उदाहरण घेऊ. तिथले नियम स्पष्ट आहेत आणि आपल्या मालाला ते बंदर जवळचे आहे.

सिंगापुरात ही नोंदणी 'एंटरप्राइझ सिंगापूर' या सरकारी संस्थेकडे होते. (जुन्या लोकांना ट्रेड डेव्हलपमेंट बोर्ड हे नाव आठवत असेल. २००२ साली त्याचे नाव बदलले आणि २०१८ साली ते दुसऱ्या संस्थेत मिळून आजची संस्था झाली.) मुख्य अटी तीन. मूळ कंपनी स्थापन होऊन तीन वर्षे झालेली असावीत, तिची वार्षिक विक्री अडीच लाख अमेरिकी डॉलरच्या वर असावी आणि कार्यालयात पाचपेक्षा कमी माणसे असावीत. मुख्य प्रतिनिधी मूळ कंपनीतून तिथे पाठवलेला असला पाहिजे. अर्जासोबत कंपनीच्या नोंदणीचा दाखला आणि ऑडिट झालेले हिशेब इंग्रजीत द्यावे लागतात. ज्यांचा अर्धा धंदा कच्च्या वहीत चालतो त्यांचे काम इथेच अडते. उलाढाल कितीही मोठी असो, कागदावर नसेल तर ती नाहीच. परवानगी वर्षावर्षाने मिळते आणि एकूण तीन वर्षांच्या पुढे जात नाही.

आता मनाईची बाजू पाहू. चूक होते ती इथेच. प्रतिनिधी कार्यालयाला आयात-निर्यात करता येत नाही, बिल फाडता येत नाही, मूळ कंपनीच्या वतीने करार करता येत नाही. एल.सी. उघडता येत नाही, घेताही येत नाही. गोदाम भाड्याने घेता येत नाही. माल उतरवणे आणि साठवणे हे मूळ कंपनीने नेमलेल्या स्थानिक एजंटाने किंवा वितरकानेच करायचे. पैसे घेऊन सल्ला देणे किंवा दुसऱ्या कंपनीसाठी धंदा शोधणेही चालत नाही. पाटीवर, कागदावर आणि व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे 'प्रतिनिधी कार्यालय' असे लिहावे लागते.

समजा मालेगावच्या एका कंपनीचा लुंगीचा माल आहे. तिचा प्रतिनिधी अरब स्ट्रीटच्या कापड दुकानदारांना भेटेल, नमुना दाखवेल, कोणती किनार आणि कोणती लांबी चालते ते विचारेल. दुकानदार म्हणाला, "पाठवा पाचशे डझन," तर प्रतिनिधीने तिथे सही करायची नाही. मागणी मालेगावला यायची, होकार मालेगावने द्यायचा, बिल मालेगावचे, एल.सी. मालेगावच्या कंपनीच्या नावाने भारतातल्या बँकेत. तिकडे माल सोडवणारा स्थानिक आयातदार असेल आणि आयातीवरचा जी.एस.टी., जो २०२४ पासून ९ टक्के आहे, तोही तोच भरेल. मसाले किंवा तयार खाद्यपदार्थांचा माल असेल तर हलाल दाखल्याची चौकशी हेही प्रतिनिधीचेच काम. तिथे 'मुईस' ही संस्था १९७८ पासून असे दाखले देते.

सही न करण्याची ही शिस्त आयकरासाठीही लागते. भारत आणि सिंगापूर यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९९४ साली झाला. नुसती माहिती पुरवणे, जाहिरात करणे अशा पूर्वतयारीच्या कामासाठी ठेवलेल्या जागेला त्या कराराने कायम व्यवसायाची जागा मानलेले नाही. परंतु तिथला माणूस नेहमीच मागण्या पक्क्या करू लागला तर ते संरक्षण टिकत नाही आणि नफ्यावर तिथेही कर मागितला जाऊ शकतो.

पैसे इकडून कसे न्यायचे? फेरा कायद्याच्या काळात अशा गोष्टीसाठी रिझर्व्ह बँकेचे दार ठोठवावे लागे. १ जून २००० पासून फेमा लागू झाला आणि आता हे काम आपल्या बँकेमार्फत होते. परदेशातील कार्यालयाच्या नावाने, ते व्यापारी असो वा बिगरव्यापारी, तिकडच्या बँकेत खाते उघडता येते. सुरुवातीच्या खर्चासाठी मागील दोन वर्षांच्या सरासरी विक्रीच्या १५ टक्के किंवा कंपनीच्या निव्वळ मत्तेच्या २५ टक्के, यांत जे जास्त असेल तेवढी रक्कम वर्षाला पाठवता येते. चालू खर्चासाठी मर्यादा सरासरी विक्रीच्या १० टक्क्यांची आहे.

आता जरा आकडे मांडू. मुख्य प्रतिनिधीला सिंगापूरचा कामाचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान पगाराची अट आहे. २०२५ मध्ये ती महिना ५,६०० सिंगापूर डॉलर होती, तीही तरुण माणसासाठी. वय वाढेल तशी रक्कम चढते आणि ४५ वर्षांच्या पुढे १०,७०० होते. हिशेबासाठी डॉलरचा भाव ६५ रुपये धरला तर तरुण प्रतिनिधीचा वर्षाचा पगारच ४३ लाख ६८ हजार रुपये झाला. बाजार ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या भावाला पाठवायचे म्हटले तर ८३ लाखांवर. जागेचे भाडे यात नाही.

दुसरीकडे अडीच लाख अमेरिकी डॉलरची विक्री म्हणजे ८५ रुपयांच्या भावाने सव्वादोन कोटींच्या आत. तिचे १० टक्के म्हणजे २१ लाख २५ हजार. सिंगापूर सरकार ज्या कंपनीला पात्र म्हणते, तिला भारतातून चालू खर्चाच्या मर्यादेत अर्धा पगारही पाठवता येत नाही. नुसत्या पगारासाठीच सरासरी विक्री साडेचार कोटींच्या आसपास हवी. एक वाट आहे. निर्यातदाराच्या ई.ई.एफ.सी. खात्यातील, म्हणजे स्वतः कमावलेल्या परकीय चलनातील रकमेला ही टक्केवारी लागत नाही. पण परवानगी मिळाली म्हणून परवडेलच असे नाही. दोन कोटींच्या विक्रीत नफा किती राहतो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

माझे मत विचाराल तर सहा-सात कोटींच्या खालच्या पेढीने या भानगडीत पडू नये. वर्षातून दोन फेऱ्या माराव्यात. कापडवाल्यांनी मुंबईच्या पॉवरलूम निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे प्रदर्शनांची चौकशी करावी आणि एक सोडून दोन एजंटांशी बोलावे. त्याहून मोठ्यांनी मात्र जरूर विचार करावा. तिथे स्वतःचा माणूस असेल तर दलालाने सांगितलेला भाव खरा की खोटा हे आठवड्यात कळते.

कार्यालय उघडणाऱ्यांनी तारखा सांभाळाव्यात. खाते उघडल्यापासून सहा महिन्यांत कार्यालय सुरू झाले नाही, तर खाते बंद करून शिल्लक भारतात आणावी लागते. कार्यालय बंद केले तर त्यासाठी एक महिना मिळतो. तीन वर्षांनंतर तिथे राहायचेच असेल तर शाखा किंवा कंपनी म्हणून 'आक्रा' या निबंधक कार्यालयात नोंदणी करावी लागते. त्याची तयारी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावी, म्हणजे प्रतिनिधीचा परवाना आणि जागेचा करार मध्येच लटकत नाही.