जाळीत हात घालण्याआधी

करवंदांना निघालं की घरातलं कोणीतरी हमखास सांगतं, "साप बघून रे!" काटा बघून, असं मात्र मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. साप भेटला नाही. काट्याने उन्हाळा खाल्ला.

चिपळूणकडच्या एका कातळसड्यावर, मे महिन्याच्या सुरुवातीला. जाळीच्या बाहेरची करवंदं आधीच पोरांनी लुटलेली, आत मात्र काळीभोर, टपोरी लगडलेली. तर्जनीच्या मधल्या पेरात काटा गेला, उपटून फेकला, थेंबभर रक्त आलं आणि विषय संपला. पुढच्या पंधरवड्यात तेच पेर सुजलं. सकाळी उठल्यावर बोट वाकेना. औषधाच्या गोळ्यांनी सूज उतरायची, गोळ्या संपल्या की परत यायची. एक्स-रे स्वच्छ. लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही, हे तेव्हा कळलं. अखेर सोनोग्राफीत तांदळाच्या कणीएवढं टोक सापडलं, सांध्याला चिकटून बसलेलं. भूल देऊन ते काढावं लागलं.

म्हणून पहिली गोष्ट ही: उपटलेला काटा फेकू नका, तळहातावर घेऊन बघा. टोक शाबूत आहे ना? बोथट दिसलं तर उरलेलं आत आहे. जखम साबणाने धुवा आणि सांध्यावर किंवा सांध्याजवळ काटा गेला असेल तर सुईने कोरत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. काही दिवसांनी सूज आली तर "करवंदाचा काटा गेला होता" हे आपणहून सांगा. तोवर आपणच ते विसरलेलो असतो आणि डॉक्टर संधिवात शोधत बसतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर तेही विचारा. डोळ्याला काटा लागला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, चोळायचं नाही.

करवंदाचे काटे जोडीजोडीने येतात, चांगले इंचभर किंवा त्याहून लांब, काहींना टोकाशी आणखी फाटा फुटलेला. हात आत जाताना फारसं लागत नाही, कारण तेव्हा आपण बघत असतो. लागतं ते परतताना: मूठ भरलेली, नजर पुढच्या घोसावर. तेव्हा मूठ भरायचीच नाही. काठीने फांदी उचलून धरायची, दोन बोटांनी दोन-चार करवंदं घ्यायची आणि हात गेला त्याच वाटेने मागे आणायचा. पूर्ण बाह्यांचा जाडसर सदरा हवा. हातमोज्यांचा मला उपयोग झाला नाही. पिकलेलं करवंद बोटांनाच कळतं, नुसत्या स्पर्शाने सुटून येतं. ओढावं लागलं तर ते अजून तयार नाही, आणि त्याचा चीक ओठांना चिकटेल तो वेगळाच. चिकाला खोबरेल तेल चोळावं, पाण्याने तो हलत नाही.

आता साप. कोकणच्या सड्यांवर फुरसं असतं: लहानसं, मातकट, दगडाखाली किंवा पाचोळ्यात वेटोळं करून बसलेलं. चपला नव्हे, बूट घालून जावं, जाळीच्या बुडाशी आधी काठी आपटावी आणि खाली सांडलेली करवंदं वेचायचा मोह सोडावा. दगड उलथू नयेत, त्याखाली लाल विंचूही असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू रोखता येतात हे दाखवलं, पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो. चावा सापाचा असो की विंचवाचा, मांत्रिक, ब्लेड, आवळपट्टी यांत वेळ दवडायचा नाही.

पोरं बरोबर असतील तर त्यांना कोंबडा-कोंबडी खेळू द्या. फोडून लाल निघालं की कोंबडा, ही मजा दुसऱ्या कुठल्या फळात नाही. मात्र कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया दाखवून ठेवा. चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी बेजार होतात.

अभयारण्यात परवानगीशिवाय फळ तोडणं गुन्हा आहे. बाहेरच्या रानातही कातकरी, ठाकर बायकांचा हंगाम याच करवंदांवर चालतो आणि २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या अशा गौण उपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. त्यांच्या वाटेवरच्या जाळ्या मी सोडून देतो आणि घाटात बसलेल्या मावशींकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घेतो. घासाघीस करत नाही. त्यांच्या बोटांवरचे ओरखडे बघितले की करवतही नाही.

घरी आणलेली करवंदं ढिगात ठेवू नका, तळची चेंगरून आंबतात. ताटात पसरा, खायच्या वेळीच धुवा. पहिला जोरदार पाऊस झाला की फळ पाणचट होतं, किडतं. त्यानंतर जाळीकडे जाण्यात अर्थ नाही.