आपल्या वेबसाईटवर कोण येतं? मोजणीचं साधन निवडताना

मैत्रिणींनो, ज्या संघाची वेबसाईट आहे किंवा जो संघ ती करून घेणार आहे, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. वेबसाईटवर पैसे खर्च झाले की बैठकीत प्रश्न निघतोच, "ताई, बघतं का कुणी ती?" याचं उत्तर देणारी साधनं मिळतात. काही फुकट आहेत, काहींना पैसे पडतात. पण साधन घेण्याआधी आकडे समजले पाहिजेत.

१. तीन शब्द नीट ओळखा

हिट : पान उघडलं की त्यातला प्रत्येक फोटो वेगळा मागवला जातो. पानावर २० फोटो असतील, तर एका बाईने एकदा पान उघडलं तरी किमान २१ हिट होतात. म्हणून "महिन्याला ५००० हिट" म्हणजे ५००० गिऱ्हाइकं नव्हेत.

भेट : एखादी व्यक्ती आली, दोन-चार पानं बघून गेली, ती एक भेट.

भेट देणारे : इथे माणूस नाही, फोन किंवा कॉम्प्युटर मोजला जातो. एकीने आधी फोनवर आणि नंतर कॉम्प्युटरवर पाहिलं तर साधारणपणे दोन धरले जातात. त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच समजावा.

२. आधी प्रश्न, मग साधन

समजा, महिन्यात गोधडीचं पान ३०० वेळा उघडलं आणि मागणी आली २. मसाल्याचं पान ६० वेळा उघडलं आणि मागणी आली १२. याचा अर्थ गोधडी बघायला लोक येतात, पण किंमत, फोटो किंवा पाठवणावळ यात कुठेतरी अडतंय. मसाला बघणारे घेतात, पण तिथवर पोचणारे कमी आहेत. म्हणजे दोन्हींवरचे उपाय वेगळे. नुसता "३६० जणांनी पाहिलं" एवढाच आकडा मिळाला असता, तर यातलं काहीच कळलं नसतं.

म्हणून बहुतेक संघांना चार उत्तरं पुरतात : कोणतं पान जास्त बघतात, लोक कुठून येतात, फोनवरून बघतात का, आणि मागणीच्या बटणापर्यंत किती जण पोचतात.

३. कोणती साधनं आहेत?

एडब्ल्यूस्टॅट्स : वेबसाईट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते, तिथल्या नोंदीवरून हे मोजतं. अनेक होस्टिंगमध्ये ते आधीच असतं, वेगळे पैसे लागत नाहीत. पण इंटरनेटवर आपोआप फिरणारे प्रोग्रामही यात बरेच मोजले जातात, म्हणून आकडा फुगतो.

गुगल अॅनालिटिक्स : फुकट आहे, माहिती भरपूर देतं. पण तक्ते इतके की नवख्या ताईला गोंधळायला होतं. शिवाय आपल्या गिऱ्हाइकांची माहिती गुगलकडे जाते.

मॅटोमो : आपल्याच सर्व्हरवर बसवलं तर फुकट, आणि माहिती आपल्याच ताब्यात राहते. मात्र ते बसवायला आणि वेळोवेळी अपडेट करायला जाणकार माणूस लागतो.

प्लॉझिबल : सगळे मुख्य आकडे एकाच पानावर दिसतात. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची खूण, ठेवत नाही. पण वर्गणी परदेशी चलनात भरावी लागते.

फुकट हवं असेल आणि कुणी शिकवणारं असेल तर गुगलचं चालेल. माहिती आपल्याकडेच ठेवायची असेल आणि तांत्रिक मदत कायमची असेल तर मॅटोमो. दोन साधनं एकदम लावू नका. दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि बैठक त्याच वादात संपते.

४. व्हॉट्सअॅपवरून आलेले कसे ओळखायचे?

आपली लिंक बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरूनच फिरते. पण तिथून आलेली व्यक्ती साधनात सहसा "डायरेक्ट" म्हणून दिसते, म्हणजे कुठून आली ते कळत नाही. यावर उपाय आहे. लिंकच्या शेवटी खूण जोडता येते, तिला यूटीएम म्हणतात. व्हॉट्सअॅपसाठी एक लिंक आणि प्रदर्शनातल्या क्यूआर कोडसाठी दुसरी, अशी वेबसाईटवाल्याकडून करून घ्या. मग प्रदर्शनाचा खर्च कितपत कामी आला, तेही कळेल.

५. खातं संघाच्याच नावावर

बँकेचं खातं आपण संघाच्या नावाने काढतो आणि सह्या ठरावाने ठरवतो. इथेही तेच करा. खातं संघाच्या ईमेलवर उघडा, वेबसाईट करून देणाऱ्याच्या ईमेलवर नको. तो काम सोडून गेला, तर सगळे जुने आकडे त्याच्यासोबत जातात. त्याला फक्त बघण्यापुरती परवानगी देता येते. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदलावा.

गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर, पत्ता या साधनात जाऊ देऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार लोकांची अशी माहिती सांभाळणं ही ती गोळा करणाऱ्याची जबाबदारी आहे. आपली माहिती कशी वापरली जाते, हे वेबसाईटवर दोन ओळींत लिहून ठेवा.

६. आकडे नोंदवहीत उतरवा

गुगलने आपल्या जुन्या अॅनालिटिक्समधली मोजणी १ जुलै २०२३ पासून बंद केली आणि वर्षभराने जुने अहवाल दिसणंही थांबवलं. ज्यांनी आकडे उतरवून ठेवले नव्हते, त्यांचा मागचा हिशोब गेला. साधन कोणतंही असो, ते दुसऱ्याचं आहे. नोंदवही मात्र आपली. दर महिन्याला चारच आकडे तारखेसह लिहा : भेटी, सर्वांत जास्त पाहिलेलं पान, लोक कुठून आले आणि मागण्या किती. वर्षभराने दिवाळीच्या मालाचं नियोजन करताना हेच पान उघडावं लागेल.

बैठकीत चर्चेसाठी :
• आपल्या वेबसाईटच्या मोजणीचं खातं आज कुणाच्या ईमेलवर आहे?
• आपल्याला कोणत्या दोन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत?
• दर महिन्याला नोंद कोणती ताई घेणार? तसा ठराव करून नाव लिहा.