पेरणीची वेळ आणि खताची मात्रा

ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही आपल्या भाकरीची धान्ये. पाऊस शेतकऱ्याच्या हाती नसतो. पेरणीचा दिवस आणि खताची मात्रा मात्र पुष्कळ अंशी असते. पुस्तकात या दोन गोष्टी निरनिराळ्या धड्यांत येतात. शेतात त्या एकमेकींशी जखडलेल्या असतात, आणि तेच येथे आम्हांस सांगावयाचे आहे.

महाराष्ट्रात बाजरीची पेरणी साधारणपणे १५ जून ते १५ जुलै या काळात करावी, अशी शिफारस आहे. पुढे दिवस लहान होऊ लागतात. बाजरीला ही चाहूल चटकन लागते. ती पुरती वाढण्यापूर्वीच फुलोऱ्यावर येते, फुटवे कमी येतात आणि कणसे आखूड राहतात. खरीप ज्वारीचा शत्रू निराळा, तो म्हणजे खोडमाशी. आधी पेरलेल्या शेतांत तिची वीण वाढते आणि उशिराच्या कोवळ्या रोपांवर ती तुटून पडते. अळी आतला कोंब कुरतडते, मधला पोंगा वाळतो. यालाच पोंगेमर म्हणतात. अशा खुरटलेल्या पिकाला कितीही नत्र द्या, ते घेणार कोण? न घेतलेले नत्र पावसाच्या पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. म्हणजे पेरणी चुकली की खताचे पैसेही वाया गेले.

मध्यम जमिनीत बाजरीला हेक्टरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद आणि २५ किलो पालाश द्यावे, असे सांगतात. युरियात नत्र शेकडा ४६ असते. तेव्हा ५० किलो नत्रासाठी युरिया सुमारे १०९ किलो लागेल. (आम्ही कलाशाखेचे, तरी एवढे त्रैराशिक आम्हांसही येते!) निम्मे नत्र पेरणीच्या वेळी, उरलेले सुमारे महिन्याने, जमिनीत ओल असताना द्यावयाचे.

आता जमिनीकडे वळू. आपल्या भोपाळात नबीबाग येथे भारतीय मृदा विज्ञान संस्था १९८८ पासून आहे. खतांचे दीर्घकालीन प्रयोग देशात १९७० साली सुरू झाले. त्यांचे सूत्रचालन येथून होते. बंगळूरला नाचणी व मका, अकोल्यास ज्वारी व गहू, अशी पिके त्याच तुकड्यांत वर्षानुवर्षे घेतली जातात. बंगळूरच्या तांबड्या मातीत नुसते नत्र देत राहिल्याने जमिनीचा आंबटपणा वाढला आणि उत्पन्न खालावले. नत्र, स्फुरद, पालाश आणि जोडीला शेणखत मिळालेले तुकडे उत्तम टिकले. एकट्या नत्राने पीक प्रारंभी हिरवेगार दिसते, पण ते जमिनीतील इतर द्रव्ये उपसून नेत असते. हिरवेपणा पाहून समाधान मानणारा शेतकरी येथेच फसतो.

पालाशाचा मोठा वाटा दाण्यात नसून ताटांत, म्हणजे कडब्यात असतो. कडबा गुरांनी खाल्ला आणि शेण शेतात गेले, तर तो परत येतो. शेणाच्या गोवऱ्या चुलीत गेल्या, तर नत्र धुराबरोबर जाते आणि पालाश राखेत उरतो. कोकणात नाचणीच्या (कोकणीत आम्ही तिला ‘नाचणो’ म्हणतो) रोपांसाठी राब भाजतात. त्या राखेतही पालाश असतोच. चुलीतली राख उकिरड्यावर टाकण्याऐवजी शेणखताच्या खड्ड्यात टाकली, तर निदान तेवढा पालाश तरी शेताला परत मिळतो.