शाळेआधीची मशागत : लहान मुलांचे वाचन-लेखन आणि आपले घर



या पानावर मी एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने मुलांच्या वाचनावर लिहावे याचे कुणाला नवल वाटेल, पण त्याला कारण घडले.

मध्यंतरी कामानिमित्त सोलापूरला गेलो होतो. सात रस्त्यावर आपले एक जुने सभासद भेटले. सोबत पाच वर्षांची नात होती. ती बाराखडी घडाघडा म्हणून दाखवत होती आणि आबा कौतुकाने ऐकत होते. समोर एका दुकानाच्या पाटीवर पत्त्यात 'सात रस्ता' असे ठळक लिहिलेले होते. मी तिकडे बोट करून विचारले, "बाळ, तिथं काय लिहिलंय?" पोर गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते माझ्या नावातलं 'स' आहे."

आबा जरा खजील झाले. म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं सही करतोय, पण पाटी वाचता येत नाही. काट्याची पावती हातात पडली की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतंय. हिनं तरी नीट शिकावं असं लई वाटतं. पण मलाच येत नाही, तर मी काय शिकवू?"

असे म्हणणारे आबा एकटे नाहीत. ज्या घरात वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, तिथे 'ते काम मास्तरांचं' म्हणून सगळे हात जोडून बसतात. आबांना मी त्या दिवशी जे सांगितले तेच इथे मांडतो. मुलाला वाचायला शिकवण्याचे काम शाळेचे खरे, पण त्याआधीची मशागत घरात होते, आणि ती करायला स्वतःला वाचता आलेच पाहिजे असे नाही.

हे नुसते बोलणे नव्हे

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले आदिवासी पाड्यांवरची. आईबापांना अक्षरओळख नाही, आणि मुले धाकटी भावंडे सांभाळत घरी बसलेली. तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावर नेली, एखाद्याच्या अंगणात भरवली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधने आणली नाहीत. शिंपले, खडे, बिया, पाने यांवरच मोजणे, लावणे, ओळखणे चालायचे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्या १९७३ साली गेल्या, आणि दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज आपल्या गावात जी अंगणवाडी आहे ती याच योजनेतली.

सांगायचे एवढेच की घरात पुस्तक नव्हते म्हणून त्या मुलांचे शिकणे अडले नाही. जे हाताशी होते त्यातून सुरुवात झाली.

पहिली पायरी : कान आणि जीभ

आपली समजूत अशी की वाचन डोळ्यांनी होते. पण मूल वाचायला लागते त्याआधी तीन-चार वर्षे ते ऐकत असते आणि बोलत असते. जो शब्द कधी कानावर पडला नाही तो कागदावर वाचला तरी कळत नाही. म्हणून मुलाशी बोला. पाणी द्यायला निघालात तर त्याला बरोबर घ्या. सरी, वरंबा, पाट, दारे, कोंभ, वाढे, पाचट ही नावे सांगा. 'हे का केलं?' असे त्याने विचारले तर 'गप बस' म्हणू नका. उत्तर द्या आणि उलट एखादा प्रश्न त्यालाही विचारा.

आजीच्या गोष्टी, ओव्या, कोडी, भेंड्या हा तर वाचनाचा पायाच आहे. भेंड्यांत 'ऊस' म्हटले की 'स' वरून साखर, 'साखर' म्हटले की 'र' वरून रस. या खेळात मूल शब्दाचा शेवटचा आवाज सुटा करून ऐकते. पुढे अक्षर शिकताना हेच करावे लागते. टाळ्यांचा खेळ घ्या : ऊ-स, दोन टाळ्या. सा-ख-र, तीन. का-र-खा-ना, चार. शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हे ज्या मुलाच्या कानाला कळले, त्याला प्रत्येक तुकड्याला एक खूण असते हे पटकन उमगते. यात आजोबांना एकही अक्षर वाचावे लागत नाही.

दुसरी पायरी : तीन अक्षरे आणि एक काना

आबांची नात बाराखडी म्हणत होती, तरी तिला पाटी का वाचता आली नाही? कारण बाराखडी तिच्यापाशी गाण्यासारखी होती. तोंडातला आवाज आणि पाटीवरची खूण यांची गाठ पडलेली नव्हती. अपवाद एकच, तिच्या नावातला 'स'. मूल आपल्या नावातले अक्षर सगळ्यात आधी ओळखते, कारण ते त्याचे स्वतःचे असते. सुरुवात तिथूनच करावी. मुलाचे नाव मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून दाराजवळ लावा. लिहिता येत नसेल तर अंगणवाडीच्या बाईंकडून लिहून घ्या.

त्यानंतर सगळी मुळाक्षरे ओळीने पाठ करून घेण्याची घाई नको. थोडीच अक्षरे घ्यावीत, पण त्यांचे लगेच शब्द करावेत. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्यावर अनेक वर्षे काम केले. थोडी अक्षरे आणि काना-मात्रा बरोबरच घेऊन मुलाला लवकर अर्थाचे शब्द वाचायला द्यावेत, हा त्या रीतीचा गाभा आहे.

आपण 'सात रस्ता' हीच पाटी घेऊ. तिच्यात अक्षरे तीनच : स, त, र. आणि एक काना. एवढ्यावर किती शब्द होतात ते बघा : रस, सर, तर, सात, तास, रात, तार, सार, तारा, सारा, तसा, सरस, सतरा, सासर, सासरा आणि सातारा! उसाचा रस त्यात आला, सरीचे तास आले, शेताचा सारा आला आणि शेजारचा जिल्हाही आला. सगळे शब्द मुलाच्या कानावरचे. 'रस्ता' मधले जोडाक्षर आत्ताच फोडून सांगू नका. सोपे शब्द वाचता आले की मूल ते पाटीवरून स्वतःच ओळखेल.

ही तीन अक्षरे पक्की झाली की दोन-तीन नवी मिळवा. 'क' आणि 'न' आले की कान, नाक, काका, नाका, तारका. दिसायला सारखी अक्षरे, जसे भ-म, घ-ध, ट-ठ, ब-व, एकाच दिवशी घेऊ नयेत. मूल गोंधळते आणि आपण उगाच त्याला ढ ठरवतो.

वाचायला पुस्तकच हवे असेही नाही. खताच्या पोत्यावरचे नाव, एस.टी.ची पाटी, साखरेच्या पोत्यावरचे कारखान्याचे नाव, देवळावरचा फलक, दिनदर्शिका, सगळे वाचन आहे. 'यात तुझ्या नावातलं अक्षर कुठं आहे?' एवढे विचारायला वाचता यावे लागत नाही.

तिसरी पायरी : लिहिण्याआधी हात तयार व्हावा

इथे माझीच चूक सांगतो. माझा थोरला साडेतीन वर्षांचा असताना मी रोज संध्याकाळी त्याला 'अ' गिरवायला बसवी. रेघ बाहेर गेली की हातावर फटका. पुढेपुढे पाटी दिसली की पोरगा परसात पळून जाई. शिकला तो पुढे, पण पुस्तकाची गोडी लागायला फार काळ गेला. कोवळ्या बोटांत तेवढी ताकद नसते हे मला तेव्हा कळले नाही.

बोटे तयार होतात ती कामातून आणि खेळातून. चिखलाचे बैल करणे, ज्वारीतले खडे वेचणे, शेंगा सोलणे, दोऱ्यात फुले ओवणे, रांगोळीचे ठिपके जोडणे हे सगळे लेखनच आहे. पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षर काढत. ते आजही करता येते. अंगणातल्या मातीत बोट फिरवावे, चुकले की हाताने पुसावे. पुसले की चूक गेली, म्हणून मूल भीत नाही.

मूल कागदावर गिरगोट्या काढते तेव्हा 'कागद वाया घालवू नको' म्हणू नका. 'काय लिहिलंस?' असे विचारा. ते म्हणेल, 'आमची म्हैस व्याली.' घरात ज्याला लिहिता येते त्याने तेच वाक्य खाली लिहावे आणि बोट फिरवीत वाचून दाखवावे. बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हे मुलाला इथे प्रथम कळते. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा हात बदलू नये. मूल हाकेला ओ देत नसेल किंवा वस्तू डोळ्यांशी धरून बघत असेल, तर त्याला आळशी न म्हणता आधी डॉक्टरांकडे न्यावे.

घरची भाषा सोडू नका

आपल्या जिल्ह्यात अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कित्येक घरांत कन्नड बोलतात. सोलापूर शहरात तेलुगू आणि उर्दू आहे, तांड्यावर बंजारा बोली आहे. शाळा मराठी म्हणून काही आईबाप मुलाशी मोडक्या मराठीत बोलू लागतात, आणि हल्ली तर मोडक्या इंग्रजीतही. त्याने मुलाचे दोन्हीकडून नुकसान होते. जी भाषा आईला भरभरून येते तिच्यातच गोष्टी सांगा, गाणी म्हणा. एका भाषेत विचार पक्का झाला की दुसरी भाषा त्यावर चढते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये ३ ते ८ हे वय पायाभूत टप्पा मानले आहे, आणि सुरुवातीचे शिक्षण जमेल तिथवर घरच्या भाषेत व्हावे असेही म्हटले आहे.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याबद्दल त्यांचे नाव झाले. घरात मोबाईल असेल तर त्याचा असा उपयोग करा : कविता-गोष्ट लावा आणि मुलाला जवळ घेऊन बरोबर ऐका. मात्र मोबाईल हातात देऊन आपण बाजूला झालो, तर मूल नुसते बघत राहते, बोलत नाही.

नांग्या वेळेवर भरा

उसात उगवण विरळ झाली तर महिन्याभरात नांग्या भराव्या लागतात. पुढे भरलेला कोंभ शेजारच्या उसाच्या सावलीत खुरटतो. मुलाचे अगदी तसे नाही. माणूस कोणत्याही वयात शिकतो. पण पहिली-दुसरीत राहिलेली तूट पुढच्या प्रत्येक इयत्तेत जड होत जाते. पुस्तक गणिताचे असो की विज्ञानाचे, ते आधी वाचावे लागते. म्हणून दुसरीत गेलेले मूल साधे शब्द वाचत नसेल तर परीक्षेची वाट न बघता गुरुजींना भेटा.

आणि एक विनंती. आपल्या फडात तोडीला आलेल्या टोळीबरोबर लहान मुले असतात. गावाकडची शाळा सुटलेली आणि इथली मिळालेली नसते, त्यामुळे वर्षाचे चार-पाच महिने कोरडे जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षात केव्हाही, वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. टोळी आली की त्यातली शाळेच्या वयाची मुले मुख्याध्यापकांना आणि त्याहून लहान मुले अंगणवाडीच्या बाईंना कळवा. आपला ऊस त्या मुलांच्या आईबापांच्या हातांनी गाळपाला जातो, एवढे आपल्याकडून व्हावे.

रोज दहा मिनिटे

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज दहा मिनिटे बरी. पाटाने मोकळे सोडलेले पाणी आणि ठिबकचे पाणी यांतला फरक आपल्याला सांगायला नको. लक्षात ठेवण्यासाठी थोडक्यात :

१. तीन वर्षे : भरपूर बोलणे, गाणी, गोष्टी, चित्रे बघणे. अंगणवाडीत नियमित पाठवणे.
२. चार वर्षे : भेंड्या, टाळ्यांचा खेळ, कोडी. नावाचा पुठ्ठा. माती, बिया, रांगोळी.
३. पाच वर्षे : नावातली अक्षरे, मग तीन-चार अक्षरांचे शब्द. पाट्यांवर अक्षर शोधणे.
४. सहा वर्षे : सोपी वाक्ये. मुलाने वाचावे, मोठ्याने ऐकावे.

मूल मागेपुढे होईल. शेजारच्याशी तुलना नको, आणि मार तर नकोच.

यातले चौथे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी चालते, त्याने मन लावून ऐकले म्हणजे झाले. सात रस्त्यावर आबांच्या नातीला मी वहीच्या कागदावर 'रस' आणि 'सात' लिहून दिले. तिने 'स' वर बोट ठेवले, मग 'र' विचारून घेतला, आणि बस येईपर्यंत दोन्ही शब्द वाचले. आबा कागदाकडे बघत होते. म्हणाले, "साहेब, हा 'स' आता मलाही कळला. माझ्या सहीत आहे तो."

नातवंडांना शिकवताना आपलीही राहिलेली नांगी भरून निघाली, तर त्यात वाईट काय?

पुढील अंकात पुन्हा खोडव्याकडे वळू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी