सचोटीला ज्ञानाची जोड हवी

वजू आणि नमाजचे नियम आपल्या घरांत लहानपणीच शिकविले जातात. रोजा कशाने तुटतो हे दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. तोच मुलगा मोठा होऊन वडिलांच्या दुकानात बसतो, एखाद्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी होतो किंवा व्यवस्थापक म्हणून दहा-वीस माणसे सांभाळू लागतो. सौदा कशाने बिघडतो हे मात्र त्याला कोणी शिकविलेले नसते. तो पाहून पाहून शिकतो आणि ज्यांच्याकडे पाहून शिकतो त्यांच्या चुकाही उचलतो. दिवसाचे दहा तास ज्या कामात जातात त्याच कामाचे ज्ञान सर्वांत अपुरे असावे, ही साधी बाब नव्हे. घरची चूल याच तासांवर पेटते आणि मुलांच्या मुखात जाणारा घास हलाल की हराम, हेही याच तासांत ठरते.

दिव्य कुरआनच्या सूरह ताहामध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांना ज्ञानवृद्धीची दुआ शिकविली आहे. ज्यांच्यावर वह्य अवतरत होती त्यांनीही अधिक ज्ञान मागत राहावे, असा अल्लाहचा आदेश असेल, तर वीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाने आपले शिक्षण संपले असे कसे मानावे?

हेतू शुद्ध, सौदा अशुद्ध

हदीस संग्रहांत हजरत बिलाल (रजि.) यांची एक घटना आली आहे. त्यांनी प्रेषितांसमोर उत्तम प्रतीचे बर्नी खजूर आणून ठेवले. हे कोठून आणले, असे प्रेषितांनी विचारले. आपल्याजवळ हलके खजूर होते. त्यांचे दोन माप देऊन चांगल्याचे एक माप घेतले, म्हणजे ते आपणांस खाता यावेत, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी लगेच थांबविले आणि हे तर उघड व्याज आहे, असे बजावले. मग योग्य मार्गही दाखविला: हलके खजूर आधी विकावेत आणि आलेल्या किमतीतून चांगले विकत घ्यावेत.

या घटनेवर थांबून विचार करा. हजरत बिलाल (रजि.) यांच्या ईमानाविषयी कोणाला शंका आहे? त्यांच्या मनात नफा नव्हता, प्रेषितांविषयीचे प्रेम होते. तरीही सौदा चुकला, कारण त्या व्यवहाराचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. प्रामाणिकपणा माणसाला जाणूनबुजून केलेल्या पापापासून वाचवितो. अजाणतेपणी होणाऱ्या चुकीपासून वाचण्यासाठी ज्ञानच लागते. शिक्षण देण्याची पद्धतही येथे दिसते. प्रेषितांनी केवळ मनाई करून सोडून दिले नाही. गरज तीच ठेवून ती भागविण्याची हलाल वाट सांगितली.

आजच्या दुकानातही असेच प्रश्न उभे राहतात. शून्य टक्के व्याजाची हप्त्यांची योजना ग्राहकाला सांगताना प्रक्रिया शुल्काच्या नावाने नेमके काय घेतले जाते? हप्ता चुकला तर दंड कसा लागतो आणि तो कोणाकडे जातो? ताब्यात नसलेला माल पुढे विकून टाकता येतो काय? यांची उत्तरे अंदाजाने देऊ नयेत. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी असे नोंदविले गेले आहे, की ज्याला धर्माची समज आहे त्यानेच आमच्या बाजारात विक्री करावी, असा त्यांचा आग्रह होता.

बाजार समजून घेणे

ज्ञान म्हणजे केवळ हलाल-हरामची यादी नव्हे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदिनेस आले तेव्हा त्यांच्या हाती काही नव्हते. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी त्यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि येथे बाजार कोठे आहे, एवढेच विचारले. बनू कैनुकाचा बाजार त्यांना दाखविण्यात आला. पहिल्या दिवशी ते थोडे तूप आणि वाळविलेले दही नफ्यात मिळवून परतले, आणि मग रोज जात राहिले. मक्केचा अनुभवी व्यापारी नव्या गावात छोट्या मालापासून पुन्हा सुरुवात करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. जुना अनुभव त्यांनी सोडला नाही. तो नवा बाजार शिकण्याच्या आड येऊ दिला नाही.

आपला बाजारही बदलत राहिला आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारप्रथा ठरते. अनेक दुकानदार हे सारे हिशेबनिसावर सोपवून मोकळे होतात. वास्तविक कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लेखी व्यवहाराची सवय आपल्याला कायद्याच्या धाकाने लागावी, ही आपल्यासाठी भूषणाची गोष्ट नाही.

मालकाची जबाबदारी

इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत. तरुणपणी ते बाजाराकडे जात असता इमाम शाबी (रह.) यांनी त्यांना विद्वानांच्या सहवासात बसण्याचा सल्ला दिला, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. पुढे ते फिकहचे महान इमाम झाले. तरी व्यापार चालूच राहिला. त्यांच्याविषयी असेही सांगितले जाते, की त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठविला आणि त्यातील एका कापडात दोष आहे, तो ग्राहकाला दाखवूनच विकावा, असे बजावले. भागीदार विसरला आणि ग्राहकही सापडेना. इमामांनी त्या मालाची सर्व रक्कम दान केली.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी येथे आपला चेहरा पाहावा. नोकराने ग्राहकाला फसविले, मला माहीत नव्हते, असे सांगून आपण सुटू काय? ज्याच्या देखरेखीखाली जे आहे त्याविषयी त्याला विचारले जाईल, ही प्रेषितांची शिकवण आहे. महिन्याचे लक्ष्य ठरविणाऱ्या व्यवस्थापकाने हे लक्ष्य खोटे न बोलता गाठता येईल काय, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. गाठता येत नसेल, तर खोटे बोलण्याच्या पापात त्याचाही वाटा आहे.

कौशल्य आणि फसवणूक

विक्रीचे कौशल्य शिकणे अनुचित नाही. ग्राहकाची गरज नीट ऐकणे, मालाची पूर्ण माहिती ठेवणे, गोड बोलणे, वेळ पाळणे हे सारे शिकावे आणि दर वर्षी त्यात भर घालावी. मर्यादा कोठे आहे, हे धान्याच्या ढिगाच्या घटनेवरून कळते. प्रेषितांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून, फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे प्रेषितांनी स्पष्ट केले. पाऊस पडणे हा त्या विक्रेत्याचा दोष नव्हता. ओले धान्य खाली लपविणे हा दोष होता.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पेटीवर कोकणचे नाव लिहून आत दुसरीकडचा आंबा भरणे, किंवा वरच्या थरात मोठे फळ आणि खाली बारीक फळ लावणे, हा त्या ओल्या धान्याचाच आजचा प्रकार होय.

आजपासून काय करावे?

दुकान बंद करताना गल्ला मोजतो, त्याच वेळी पाच मिनिटे आपलाही हिशेब घ्यावा: आज कोणता शब्द खोटा बोललो, कोणता दोष लपविला, कोणती नवी गोष्ट शिकलो? आठवड्यातून एक दिवस नोकरांसह बसून मालाविषयी व एखाद्या मसअल्याविषयी बोलावे. व्यवहाराचे जे प्रश्न अडतील ते वहीत लिहावेत आणि व्यापार समजणाऱ्या आलिमांना विचारावेत. चूक कळली तर ग्राहकाचा हक्क परत करावा. केवळ तौबा करून दुसऱ्याचा पैसा आपला होत नाही.

घरी चर्चेसाठी

१. हजरत बिलाल (रजि.) यांचा हेतू चांगला असूनही सौदा का नाकारला गेला?
२. आपल्या घराच्या उत्पन्नात असा कोणता व्यवहार आहे, ज्याचा नियम आपण कधी विचारलेला नाही?
३. आपल्या दुकानातील मुलाला किंवा हाताखालच्या माणसाला आपण बोलून काय शिकवितो आणि वागून काय शिकवितो?

अल्लाह आपल्या ज्ञानात वाढ करो, आपली रोजी पाक ठेवो आणि तिच्यात बरकत देवो. आमीन.