पीण्यातली नोकरी सोडू का?

प्रश्न : मी निपाणीचा, वय २७. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साडेचार वर्षं सीएनसी ऑपरेटर आहे, कायम. आता डिझाइनकडे वळावंसं वाटतं. राजीनामा देऊ का?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : जरूर वळा, पण घाई नको. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर मिळते. एवढ्यासाठी सहा महिने थांबा. पीएफ काढू नका, नव्या नोकरीत वळवून घ्या. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, पीएफ वळवला तर ही वर्षंही त्यात धरली जातात. या सहा महिन्यांत पाळी सांभाळून कॅड शिका. राजाजीनगरच्या जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण केंद्रात आणि पीण्यातल्याच एनटीटीएफ या तांत्रिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. कागदावरचा कोणता भाग मशीनवर खरोखर निघतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हीच तुमची पुंजी. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी बांधा, मगच राजीनामा द्या.